‘स्वतः तयार केलेली’ म्हणजे नेमकी कशी?

शाळा-कॉलेजांच्या वेबसाइट डिझाइन स्पर्धांच्या पत्रकात एक वाक्य ठरलेले असते : ‘वेबसाइट विद्यार्थ्याने स्वतः तयार केलेली असावी.’ वाचायला सोपे. अडचण सुरू होते ती मुले कॉम्प्युटरसमोर बसल्यावर.

आज वेबसाइट बनवण्याचे मार्ग अनेक आहेत. एचटीएमएल आणि सीएसएसची एकेक ओळ हाताने लिहिता येते. २०११ पासून मोफत मिळणाऱ्या बूटस्ट्रॅपसारखा तयार कोडचा संच जोडता येतो. २००३ मध्ये आलेल्या वर्डप्रेसवर तयार थीम निवडता येते. विक्स किंवा गुगल साइट्सवर एकही ओळ न लिहिता पान उभे राहते. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आले आणि नुसते सांगितले तरी कोड लिहून मिळू लागला. यातले ‘स्वतःचे’ कुठपर्यंत आणि ‘आयते’ कुठून, याबद्दल पत्रक गप्प असते.

याचा फटका मुलांना बसतो. एका स्पर्धेत माझ्या वर्गातल्या तीन मुलींचा संघ बूटस्ट्रॅप वापरल्यामुळे बाद झाला. पत्रकात त्याला मनाई नव्हती. मजकूर, चित्रे, मांडणी सारे मुलींचे होते. एकीचे अब्बू शाळेत आले आणि हळूच म्हणाले, “मॅडम, माझ्या मुलीने चोरी केली का?”

चोरी मुळीच नव्हती. बूटस्ट्रॅपच्या परवान्यानुसार मूळ हक्काची नोंद कायम ठेवून तो कोणीही वापरू शकतो. मात्र परवान्याची मुभा वेगळी आणि स्पर्धेची मुभा वेगळी. बुद्धिबळात मोहरी विकत आणलेली चालतात, चाल मात्र खेळाडूचीच हवी. वेबसाइटमध्ये मोहरी कोणती आणि चाल कोणती, हे आयोजकांनी आधी सांगायला हवे. वर्ल्डस्किल्स या जागतिक कौशल्य स्पर्धेत वेब टेक्नॉलॉजीज हा विभाग आहे. तिथे कोणते साहित्य आणि सॉफ्टवेअर मिळणार, याची यादी आधीच जाहीर होते. तालुक्याच्या स्पर्धेलाही अर्ध्या पानाची यादी जड नाही.

तोपर्यंत पालकांनी आणि शिक्षकांनी नाव नोंदवतानाच चार प्रश्न लेखी विचारावेत. तयार कोडसंच चालेल का? टेम्प्लेट चालेल का? एआयची मदत किती चालेल? इंटरनेटवरची चित्रे चालतील का? उत्तर जपून ठेवावे. साइटसोबत एक पान जोडावे : काय आयते घेतले, कुठून घेतले आणि स्वतः काय केले.

परीक्षकांसाठीही एक सोपी कसोटी आहे. ‘हा रंग बदलून दाखव, हा तक्ता मोबाइलवर नीट बसव,’ असे समोर बसवून सांगावे. ज्याला काम येते तो पाच मिनिटांत करून दाखवतो.

नियम मोघम असले की नुकसान होते ते खरे सांगणाऱ्या मुलाचे. तो काय वापरले ते सांगतो आणि बाद होतो. लपवणारा बक्षीस घेऊन जातो. असा धडा कोणत्याही स्पर्धेने मुलांना देऊ नये.