रेशीम अळीचे श्वसन : गैरसमज आणि वस्तुस्थिती

जालना कृषी उत्पन्न बाजार समितीत 2018 पासून रेशीम कोषांची खरेदी-विक्री होऊ लागल्याने तुतीची लागवड आणि अळ्यांचे संगोपन जिल्ह्यातील अनेक शेतकरी कुटुंबांच्या परिचयाचे झाले आहे. तथापि अळीच्या श्वसनाविषयीचे काही गैरसमज अद्याप कायम असून, कोरड्या हवामानात ते दूर होणे अगत्याचे आहे.

गैरसमज : अळी तोंडाने श्वास घेते.
वस्तुस्थिती : अळीच्या दोन्ही कुशींवर काळसर ठिपक्यांच्या नऊ जोड्या दिसतात, त्यांपैकी एक वक्षावर आणि आठ उदरावर असतात, हीच तिची श्वासरंध्रे होत. इटालियन शास्त्रज्ञ मार्चेल्लो माल्पिगी यांनी रेशीम अळीवरील 1669 च्या ग्रंथात त्यांचे वर्णन केले आणि रंध्रांना तेल लावल्यास अळी गुदमरून मरते, हे प्रयोगाने दाखविले.

गैरसमज : ऑक्सिजन रक्तामार्फत शरीरभर पोहोचतो.
वस्तुस्थिती : रंध्रांपासून निघालेल्या श्वासनलिका उपशाखांत विभागत थेट पेशींना भिडतात आणि त्यांच्या सूक्ष्म टोकांतून ऑक्सिजन विसरणाने, म्हणजे जास्त प्रमाणाकडून कमी प्रमाणाकडे, पेशींत शिरतो, त्यामुळे बहुतेक कीटकांच्या रक्तात हिमोग्लोबिन नसते.

गैरसमज : श्वासरंध्रे सदैव उघडी असतात.
वस्तुस्थिती : तसे असते तर आतील ओलावा बाष्परूपाने झपाट्याने निघून गेला असता. त्वचेवरील मेणाचा थर पाणी अडवितो, तर रंध्रांच्या स्नायुचलित झडपा गरजेपुरत्याच उघडतात. सेक्रोपिया या रेशीम पतंगाच्या कोषावस्थेत झडपा प्रथम मिटलेल्या राहतात, नंतर किंचित फडफडतात आणि शेवटी उघडून साठलेला कार्बन डायऑक्साइड एकदम बाहेर सोडतात. फडफडीच्या वेळी आतील दाब किंचित कमी असल्याने हवा आत ओढली जाते आणि बाष्प बाहेर जाण्यास अटकाव होतो. या क्रमाचा हेतू केवळ जलसंधारण, की अतिरिक्त ऑक्सिजनपासून ऊतींचे रक्षणही, याविषयी मात्र शास्त्रज्ञांत मतभेद आहेत.

गैरसमज : ओलावा टिकविण्यासाठी मोठ्या अळ्यांचे संगोपनगृह बंद ठेवावे.
वस्तुस्थिती : अळी पाणी पीत नाही, तिला लागणारे पाणी तुतीच्या पानांतूनच मिळते, म्हणून ताजा पाला आणि सुमारे 70 ते 75 टक्के आर्द्रता आवश्यक ठरते. परंतु हवा कोंडल्यास कार्बन डायऑक्साइड वाढतो, त्याच्या प्रमाणानुसार श्वासरंध्रे अधिक उघडतात आणि जपलेले पाणी तेथूनच निसटू लागते. खेळती हवा आणि पुरेसा ओलावा या दोन्हींची काळजी म्हणूनच एकत्र घ्यावी लागते.