धारित्रातील थरांचा हिशेब

दोन धातुपट्ट समांतर ठेवून त्यांमध्ये विद्युत्-अपारक पदार्थ घातला की विद्युत्-धारित्र तयार होते. धातूंची मांडणी तीच ठेवली तरी मधला पदार्थ बदलताच धारिता बदलते, हे मायकेल फॅराडे यांनी १८३७ मध्ये दाखवून दिले. हवेच्या मानाने धारिता जितक्या पटींनी वाढते, त्या संख्येस पदार्थाचा अपारक स्थिरांक म्हणतात. हवेचा स्थिरांक जवळजवळ १, तर सामान्य काचेचा सुमारे ६ असतो.

आता पट्टांमध्ये दोन पदार्थांचे थर असतील, तर धारिता कशी काढावी? थरांच्या सीमेवर अत्यंत पातळ धातूचा पत्रा आहे, अशी कल्पना करू. सीमेवर सर्वत्र विभव सारखाच असल्याने या पत्र्यामुळे काहीही बदलत नाही. मात्र एका धारित्राची एकसरीत जोडलेली दोन धारित्रे होतात. यावरून नियम मिळतो तो असा : प्रत्येक थराची जाडी त्याच्या स्थिरांकाने भागावी आणि भागाकारांची बेरीज करावी. ही बेरीज म्हणजे हवेची समतुल्य जाडी होय.

एक उदाहरण घेऊ. १,००० चौरस सेंटिमीटरचे पट्ट १० मिलिमीटर अंतरावर आहेत व मध्ये केवळ हवा आहे. कडांवरील परिणाम सोडून दिल्यास धारिता सुमारे ८८.५ पिकोफॅरड येते. आता ८ मिलिमीटर जाडीची काच आत सरकवली. समतुल्य जाडी ८ भागिले ६, अधिक २, म्हणजे सुमारे ३.३३ मिलिमीटर झाली. धारिता तिप्पट, म्हणजे सुमारे २६५ पिकोफॅरड झाली.

हा लाभ निर्वेध मात्र नव्हे. पट्टांवर २०,००० व्होल्ट दाब असल्यास प्रथम हवेवर दर मिलिमीटरला २,००० व्होल्टांचा ताण होता. सामान्य हवा सुमारे ३,००० पर्यंत ताण सोसते. म्हणून ती सुरक्षित होती. काच घातल्यावर काचेवर मिलिमीटरला १,००० व्होल्टच पडतात, परंतु उरलेल्या हवेवर ६,००० ! चांगला निरोधक घातला, आणि त्यामुळेच हवेत ठिणग्या पडू लागल्या.

याच कारणास्तव उच्च दाबाच्या धारित्रांतील कागद निर्वातात वाळवून तेलात भिजवितात. आत राहिलेला हवेचा लहानसा बुडबुडाही सर्वाधिक ताण स्वतःवर ओढून घेतो आणि त्यातील विसर्जनाने भोवतालचा निरोधक हळूहळू झिजतो. थरांचा विचार करताना एकूण जाडी पाहून भागत नाही. सर्वांत दुर्बळ थराच्या वाट्यास किती ताण येतो, हे आधी पाहावे लागते.