टीव्हीवर न दिसणारा गोल्फ

शहापूर-मुरबाडच्या हौशी गोल्फरला व्यावसायिकांचा खेळ प्रत्यक्ष पाहायचा, तर तालुक्याबाहेर पडणं आलंच. शहापूरकर आसनगावहून लोकल पकडतात, मुरबाडकरांना आधी कल्याण गाठावं लागतं. मुंबईत चेंबूरला १९२७ सालचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब आहे. पुण्यात पूना क्लबच्या येरवड्यातील कोर्सवर भारतीय व्यावसायिक टूरच्या, म्हणजे पीजीटीआयच्या स्पर्धा झाल्या आहेत. टोकियो ऑलिंपिक खेळलेले उदयन माने पुण्याचेच.

स्पर्धेला गेलात की आधी खेळाडूंच्या सरावाची जागा गाठा. हातात वेज असो वा ड्रायव्हर, स्विंगची लय तीच राहते. मग एकाच गटामागे सगळे १८ होल चाला. टीव्ही आघाडीवाल्यांचे देखणे फटके दाखवतो. चेंडू झाडीत गेल्यावर होणारी पंचाईत इथेच पाहायला मिळते. व्यावसायिक बहुधा मुकाट्याने आडवा फटका मारून फेअरवेवर परततो. आपली मंडळी मात्र फांद्यांतून चमत्कार करायला जातात आणि दोन फटके घालवून बसतात! ग्रीनवर खेळाडू होलच्या पलीकडे जाऊन वाकून उतार पाहतो, तेवढ्यात कॅडी ओल्या टॉवेलने चेंडू पुसून ठेवतो. लांबच्या पटला आधी वेग ठरतो, दिशा नंतर.

फटका चालू असताना जागचं हलू नका, मोबाइल मुका ठेवा. प्रवेशाची चौकशी क्लबकडे आधीच करावी.