कोड एक, तपासणीच्या वह्या दोन

मी संगणकाचा माणूस नव्हे. कारखान्यात फिटर होतो, पुढे संघटनेच्या कामाला लागलो, आणि जे काही शिकलो ते बहुतेक कामगारांच्या तक्रारी समजून घेताना शिकलो. आजचा विषयही एका तक्रारीतूनच माझ्याकडे आला. एका सॉफ्टवेअर कंपनीतला तरुण भेटावयास आला होता. वार्षिक मूल्यमापनात त्याच्या नावापुढे शेरा पडला होता की, हा तपासनिसांच्या प्रश्नांना उत्तरे देत नाही. उत्तरे त्याने दिली होती. परंतु ती एका वहीत होती आणि शेरा लिहिणाऱ्याने उघडली ती वही दुसरी. आमच्याकडे फाटकावरचा हजेरीपट आणि खात्यातला हजेरीपट जुळला नाही म्हणजे पगार कापला जाई, त्यातलाच हा प्रकार.

या वह्या कसल्या, ते आधी सांगितले पाहिजे. संगणकाला द्यावयाच्या सूचनांचा मजकूर म्हणजे कोड. तो अनेक माणसे मिळून लिहितात आणि तो ज्या सामाईक कोठारात राहतो त्याला रिपॉझिटरी म्हणतात. हे कोठार सांभाळण्यासाठी आज बहुतेक ठिकाणी गिट नावाचे साधन वापरतात. लिनस टोरव्हाल्ड्स यांनी ते २००५ साली तयार केले. त्याची खुबी अशी की, प्रत्येकाजवळ कोठाराची इतिहासासकट पूर्ण प्रत असते आणि कोणाच्या प्रतीत काय नवे आहे ते गिट स्वतः ताडून पाहते. कोणी फेरफार केला, तर तो कोठारात घालण्यापूर्वी दुसऱ्याने वाचावयाचा, शंका विचारावयाच्या आणि समाधान झाल्यावर संमती द्यावयाची, अशी रीत आहे. हाच कोड रिव्ह्यू. त्यासाठी गेरिट, गिटहब, फॅब्रिकेटर अशी निरनिराळी साधने निघाली.

एका कोठारावर दोन साधने कशाला, असे कोणीही विचारील. कधी आतल्या लोकांना एकाची सवय असते आणि बाहेरून येणाऱ्यांना दुसऱ्याची; कधी जुने सोडून नवे घेताना मधला काळ काढावा लागतो. अशा वेळी कोड दोन्हींकडे बिनचूक पोहोचतो, कारण ते काम गिट करते. पोहोचत नाही ती चर्चा. फॅब्रिकेटरमधील प्रश्नोत्तरे फॅब्रिकेटरच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये राहतात, गिटहबवरची गिटहबकडे. मालाचे कोठार एक आणि कोणी काय आक्षेप घेतला त्याच्या वह्या मात्र वेगवेगळ्या कपाटांत, अशी ही व्यवस्था आहे.

यावर गूगलमधील काही अभियंत्यांनी २०१५ साली एक तोड काढली. तिचे नाव गिट-अप्रेझ. त्यांनी चर्चेची वहीच कोठारात आणून ठेवली. गिटमध्ये कोणत्याही फेरफाराला टिपण जोडण्याची सोय आहे. तपासणीची प्रत्येक नोंद त्या टिपणात एका ओळीत लिहावयाची. ओळ स्वयंपूर्ण असते: कोणी लिहिले, केव्हा लिहिले आणि काय लिहिले. ती दुसऱ्या ओळीचे उत्तर असेल, तर मूळ ओळीची खूणही तिच्यातच असते. ही खूण त्या ओळीच्या मजकुरावरूनच काढलेली असते, म्हणजे अंगठ्याच्या ठशासारखी. आता दोन प्रती जुळवणे सोपे झाले. दोन्हींकडच्या ओळी एकत्र करा, क्रमाने लावा आणि तंतोतंत सारख्या ओळींपैकी एकच ठेवा. कोणाची ओळ आधी आली, कोणाची मागून, याने काही बिघडत नाही. सभेत दोन चिटणीस बसवले आणि प्रत्येकाने एक ठराव एका चिठ्ठीवर लिहिला, तर रात्री चिठ्ठ्या जुळवता येतात. दोघांनी सलग निबंध लिहिले, तर भांडणच होते. हे मी अनुभवाने सांगतो.

फॅब्रिकेटर आणि ही टिपणे यांच्यामध्ये नोंदींची ने-आण करणारा एक पूलही त्यांनी बांधला. अशा पुलाला एक पथ्य पाळावे लागते. इकडची नोंद तिकडे नेऊन ठेवल्यावर, परत येताना तीच नोंद नवी समजून उचलता कामा नये. तसे झाले, तर एक आक्षेप दोनदा, चारदा, आठदा लिहिला जाईल. म्हणून आपणच नेलेली नोंद पुलाला ओळखता आली पाहिजे.

परंतु संमतीचे काय? आक्षेप दोन्हींकडचे एकत्र करता येतात. संमती अशी गोळा करता येत नाही, कारण ती फेरफाराच्या एका विशिष्ट रूपाला दिलेली असते. एका वहीत होकार पडला आणि दरम्यान दुसरीकडे मजकूर बदलला, तर तो होकार कशाचा? कराराच्या मसुद्यावर सही घेऊन मग कलम बदलणारे मालक मी पाहिले आहेत.

म्हणून गो या भाषेच्या मंडळींनी सरळ एक वही मुख्य ठरवली. २०१४च्या अखेरीस ते गिट आणि गेरिटकडे आले. गिटहबवर कोठाराचे प्रतिबिंब असते. २०१८ पासून तिथे दिलेला फेरफार गेरिटबॉट नावाचा यंत्रकारकून गेरिटमध्ये नेऊन ठेवतो आणि गेरिटमधील शेरे परत गिटहबवर कळवतो. पण येथे उत्तर देऊ नका, गेरिटमध्ये जा, असेही बजावतो. कारण गिटहबवरचे उत्तर गेरिटमध्ये जात नाही. शिवाय गेरिटमध्ये लिहिलेले उत्तर प्रसिद्ध करीपर्यंत मसुदाच राहते, ते लिहिणाऱ्याखेरीज कोणाला दिसत नाही. निर्णयापुरती ही पद्धत मला योग्य वाटते. तिचा भुर्दंड मात्र नवख्याला पडतो, जो भलत्या दाराशी उत्तर देऊन वाट पाहत बसतो.

साधने कायमची नसतात, हाही प्रश्न आहेच. फॅब्रिकेटरची देखभाल मूळ कर्त्यांनी २०२१ साली थांबवली. एलएलव्हीएम हा मोठा प्रकल्प २०२३ साली त्यावरून गिटहबवर गेला आणि जुन्या चर्चा वाचण्यापुरत्या जतन करून ठेवाव्या लागल्या. टिपणे कोठाराबरोबर राहतात खरी, पण गिटमध्ये साधी नक्कल घेतली तर तीसुद्धा आपोआप येत नाहीत. वेगळी मागून घ्यावी लागतात.

त्या तरुणाच्या प्रकरणात आम्ही दोन्हींकडच्या नोंदी तारीखवार छापून व्यवस्थापकांपुढे ठेवल्या. शेरा निघाला. दोन वह्यांपैकी मुख्य कोणती, हे मात्र त्यांनी अजून लिहून दिलेले नाही. ती मागणी पुढच्या बैठकीच्या पत्रिकेवर आहे.