वाढरोधके, हरितगृहातील
कुंडीतील शोभिवंत झाडांची उंची मर्यादित राखण्यासाठी वापरण्यात येणाऱ्या संश्लेषित रसायनांना ही संज्ञा लावतात. हरितगृहात प्रकाश कमी, उष्णता अधिक आणि कुंड्या दाटीने मांडलेल्या असल्याने शेवंतीसारख्या बहुवर्षायू वनस्पतींची कांडी लांबत जातात, खोड दुबळे होते आणि वाहतुकीत झाडे मोडतात. असा माल बाजारात कोणी घेत नाही.

उंची वाढविणाऱ्या हॉर्मोनाचा शोध भाताच्या एका रोगातून लागला. तैवानमध्ये भाताची रोपे अतोनात उंचावून कोलमडत. जिबरेला फुजिकुरोई या कवकाच्या स्रावाने निरोगी रोपेही तशीच उंच होतात, असे एइइची कुरोसावा यांनी १९२६ मध्ये दाखविले. पुढे या द्रव्याला ‘जिबरेलीन’ हे नाव मिळाले. वाढरोधके झाडातील जिबरेलिनाच्या निर्मितीत अडथळा आणतात. त्यामुळे खोडाच्या कोशिका लांबत नाहीत. पानांची संख्या मात्र सहसा घटत नाही, उलट पाने अधिक गडद हिरवी दिसतात.

क्लोरमेक्वाट, डॅमिनोझाइड, अँसिमिडॉल, पॅक्लोब्युट्राझोल व युनिकोनाझोल ही यांतील प्रमुख होत. डॅमिनोझाइड पानांतूनच शोषले जाते, म्हणून ते फवारतात; विद्रावाची संहती बहुधा दशलक्ष भागांत २,५०० ते ५,००० भाग असते. क्लोरमेक्वाटाची मात्रा जास्त झाल्यास पानांच्या कडा पिवळ्या पडतात. पॅक्लोब्युट्राझोल खोड व मुळे यांतून शोषले जाते व फार अल्प मात्रेत प्रभावी ठरते. मात्र कुंडीच्या माध्यमात झाडाची साल असल्यास त्याचा प्रभाव घटतो.

शेंडा खुडल्यावर नवे फुटवे थोडे वाढताच फवारा द्यावा लागतो, कारण लांबलेले खोड पुन्हा आखूड होत नाही. बहुवर्षायू वनस्पतींत जातीगणिक, किंबहुना वाणागणिक, प्रतिसाद वेगळा असतो. म्हणून कोष्टकावर विसंबून सर्व कुंड्यांवर एकदम फवारा देण्यापेक्षा थोड्या झाडांवर आधी चाचणी घेणे श्रेयस्कर. मात्रा जास्त होऊन झाडे खुरटल्यास जिबरेलिक अम्ल सौम्य प्रमाणात फवारून काही अंशी सुधारणा होते.

डॅमिनोझाइडापासून उत्पन्न होणारे एक द्रव्य कर्ककारक असल्याच्या संशयावरून अमेरिकेत खाद्यपिकांसाठी त्याची विक्री १९८९ मध्ये थांबविण्यात आली. शोभिवंत झाडांवरील वापर चालू राहिला. कोकणात हापूस आंब्याला नियमित मोहोर यावा म्हणून पॅक्लोब्युट्राझोल बुंध्याभोवती जमिनीत देतात. ते जमिनीत दीर्घकाळ टिकत असल्याने दरवर्षी मात्रा ठरविताना मागील शिलकीचा विचार करावा लागतो.