एक रुसवा आणि एक खेळ

बुद्धिबळांत हात लावलेलें मोहरें खेळलेंच पाहिजे, हा नियम आम्हीं शाळेंत असतांना विद्यार्थ्यांकडून कसोशीनें पाळून घेतला. निवृत्त झाल्यावर एका संध्याकाळीं तोच नियम आम्हीं आमच्या वीस वर्षांच्या स्नेह्यांस लावला. हे गृहस्थ आमच्याच आळींत राहणारे, वकिलींतून निवृत्त झालेले. त्यांनीं घोड्याला बोट लावलें, काढून घेतलें आणि उंट उचलला. आम्ही म्हणालों, "वकीलसाहेब, घोडा." ते म्हणाले, "अहो मास्तर, नुसता सरळ करीत होतों." आम्ही म्हणालों, "मग तसें आधीं सांगावयाचें." ओटीवर त्यांचे जांवई व आमचे पुतणे बसले होते. घोडा खेळला गेला, डाव त्यांनीं गमावला, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांचें आमच्याकडे येणें बंद झालें. या गोष्टीस पाहतां पाहतां दोन वर्षें झालीं.

बुद्धिबळ हा खेळ थोर खरा; परंतु त्यांत एक कठोरपणा आहे. सारीं मोहरीं उघडीं, दैवाचा हात कोठेंच नाहीं. त्यामुळें हरणारास आपल्या बुद्धीखेरीज दुसऱ्या कोणासहि दोष देतां येत नाहीं. आणि बुद्धीला लागलेला दोष मनुष्य सहसा पोटांत घालीत नाहीं. त्यांतून तो चारचौघांत लागला तर विचारावयासच नको. हें आम्हांस कळावयास दोन वर्षें लागलीं, आणि तेंहि एका पोराच्या खेळण्यामुळें कळलें. ती हकीकत आज सांगावयाची आहे.

गेल्या वर्षीं आम्ही चार महिने आमच्या चिरंजीवांकडे इंग्लंडांत नॉटिंगहॅम या गांवीं होतों. वकीलसाहेबांची कन्या तेथून जवळच लेस्टर येथें असते. आमचे चिरंजीव व ती एका वर्गांत शिकलेलीं; वडिलांचा रुसवा मुलांनीं कधींच मानला नव्हता. एका रविवारीं ती आपल्या वडिलांस घेऊन जेवावयास आली. दिवाणखान्यांत आम्ही दोघे समोरासमोर बसलों. तेथील पावसाविषयीं बोलून झालें, थंडीविषयीं बोलून झालें, आणि पुढें बोलावयास कांहीं उरलें नाहीं. तेव्हां आमचा चौदा वर्षांचा नातू एक भलीमोठी पेटी घेऊन आला व म्हणाला, "आजोबा, तुम्ही दोघे खेळतां का? मी पंच होतों."

खेळाचें नांव 'ब्लड बोल'. त्याचा शब्दशः अर्थ ऐकून आमच्या कुटुंबाच्या कपाळास आठ्या पडल्या. परंतु त्यांतील 'बोल' म्हणजे रक्ताचें भांडें नव्हे. अमेरिकेंत वाडग्याच्या आकाराचीं क्रीडांगणें बांधीत, त्यांवरून तेथील फुटबॉलच्या मोठ्या सामन्यांस 'बोल' म्हणूं लागले. त्या फुटबॉलची थट्टा करणारा असा हा खेळ आहे. माणसें, राक्षस, बुटके, उंदीर, यक्षांसारखे चपळ लोक व प्रेतें यांनीं एकमेकांशीं लढाया करावयाचें सोडून चेंडूचा सामना खेळावयाचें ठरविलें, अशी त्यामागची कल्पित कथा आहे. या खेळाला एक देवहि आहे. त्याचें नांव 'नफल'. अमेरिकेंतील फुटबॉल संघांच्या मंडळाचीं आद्याक्षरें, एन्. एफ्. एल्., एका दमांत वाचलीं म्हणजे हें नांव होतें. फांसा उलटा पडला कीं खेळणारा या देवास बोल लावतो.

नॉटिंगहॅमशीं या खेळाचा जवळचा संबंध आहे. १९७५ सालीं लंडनमध्यें तीन मित्रांनीं 'गेम्स वर्कशॉप' नांवाची कंपनी काढली व प्रथम लांकडी पट तयार करून विकले. आज तिचें मुख्य ठाणें नॉटिंगहॅमला आहे. जर्व्हिस जॉन्सन यांनीं रचलेला हा खेळ तिनें १९८६ सालीं प्रसिद्ध केला. तेव्हां गडी पुठ्ठ्याचे होते. १९८८ च्या आवृत्तींत प्लॅस्टिकच्या पुतळ्या आल्या, आणि १९९४ सालीं तिसरी आवृत्ति निघाली. पुढें कांहीं वर्षें कंपनीचें याकडे दुर्लक्ष झालें. तरी खेळणारांनींच नियमांची डागडुजी करीत, आपसांत सामने भरवीत तो जिवंत ठेविला. शेवटीं २०१६ सालीं कंपनीनें नवी पेटी काढली. तीच आमच्या नातवाजवळ होती. या खेळाचा जागतिक मेळावाहि भरतो. २०१९ सालीं तो ऑस्ट्रियांत डोर्नबिर्न येथें व २०२३ सालीं स्पेनमध्यें अलिकांते येथें भरला होता.

पेटींतील पुतळ्या बोटभर उंचीच्याहि नाहींत. सूनबाईंनीं व नातवानें मिळून त्या बारीक कुंचल्यानें रंगविल्या होत्या. एकेका पुतळीस एकेक संध्याकाळ लागली म्हणे. दिवाळींत अंगणांतील किल्ल्यावर मावळे मांडतांना मुलांच्या चेहऱ्यावर जो भाव असतो, तोच हे गडी पटावर मांडतांना नातवाच्या चेहऱ्यावर होता. एका बाजूस माणसें, दुसऱ्या बाजूस 'ऑर्क' नांवाचे हिरवे राक्षस. वकीलसाहेबांनीं पुतळ्या न्याहाळल्या व त्या दिवशीं प्रथमच हंसून म्हणाले, "जन्मभर सज्जनांचे खटले चालविले. आज राक्षसांचें वकीलपत्र घेतों."

खेळ समजण्यास फार कठीण नाहीं. पटावर लांबीस २६ व रुंदीस १५ घरें असतात. प्रत्येक बाजूचे अकरा गडी उतरतात. सामन्याचे दोन भाग. प्रत्येक भागांत दोघांसहि आठ आठ पाळ्या मिळतात. आपल्या पाळींत सर्व गडी एकेकदां हलवितां येतात. चेंडू घेऊन समोरच्या टोकाच्या घरांत गडी पोंचला कीं 'टचडाऊन', म्हणजे एक गुण. समोरच्या गड्याशीं झुंज घ्यावयाची तर खास फांसा टाकावा लागतो. त्याच्या सहा बाजूंपैकीं एकीवर झुंज घेणारा स्वतः पडतो, एकीवर बहुधा दोघेहि पडतात, दोहोंवर समोरचा एक घर मागें ढकलला जातो आणि उरलेल्या दोहोंवर तो बहुधा आडवा होतो. दोघांचें बळ सारखें असेल तर एक फांसा. आपलें बळ अधिक असेल, किंवा आपला दुसरा मोकळा गडी मदतीस शेजारीं उभा असेल, तर दोन फांसे टाकून हवा तो निवडावयाचा.

परंतु या खेळाचें मर्म एका निराळ्याच नियमांत आहे. आपल्या पाळींत आपला गडी पडला, किंवा चेंडू उचलतांना हातून सुटला, कीं पाळी तेथेंच संपते. उरलेले दहा गडी हलले नसले तरी ते तसेच राहतात. याला ते 'टर्नओव्हर' म्हणतात.

येथें कोणी म्हणेल कीं, फांसा आला म्हणजे द्यूत आलें. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांत जुगाऱ्याचा विलाप आहे, आणि धर्मराजाची कथा तर घरोघर ठाऊक आहे. आम्हांसहि तसेंच वाटलें होतें. परंतु त्या दोन्ही ठिकाणीं अनर्थाचें मूळ पण लावण्यांत आहे. जेथें पणच नाहीं तेथें फांसा निरुपद्रवी होय. आपल्या घरांतील सारीपाट फांशांवरच चालतो, आणि चौघांनीं फांसे टाकून खेळावयाचा बुद्धिबळाचा एक प्रकार हिंदुस्थानांत असल्याचें अल्-बीरूनीनें इ. स. १०३० च्या सुमारास लिहून ठेविलें आहे. खेळण्यांतल्या शिपायांचें म्हणाल, तर एच्. जी. वेल्स यांच्यासारख्या ग्रंथकारानें १९१३ सालीं त्यांच्या लुटुपुटूच्या लढायांवर नियमांचें पुस्तक लिहिलें. तेव्हां पांढऱ्या केसांच्या दोन गृहस्थांनीं पुतळ्या घेऊन बसण्यांत लाज वाटण्यासारखें कांहीं नाहीं.

सामन्यापूर्वीं नातवानें दोघांस विचारलें, "फांसा टेबलाखालीं पडला तर काय धरायचें?" आम्हीं तात्काळ उत्तर दिलें, "पुन्हा टाकावयाचा. नियम म्हणजे नियम." वकीलसाहेबांनीं आमच्याकडे क्षणभर पाहिलें व मान हलविली. तो घोडा त्यांना आठवला असावा. आम्हांस तर आठवलाच.

पहिल्याच पाळींत आम्हीं एक राक्षस लोळविण्याच्या हौसेनें इतर कोणताहि गडी न हलवितां एका फांशावर झुंज घेतली. कवटी पडली. आमचा गडी आडवा झाला आणि पाळी संपली. नातू हळूच म्हणाला, "आजोबा, ज्यांत धोका नाहीं तीं कामें आधीं करायचीं. धोका शेवटीं घ्यायचा." हातचें निश्चित टाकून अनिश्चितामागें धांवूं नये, हें आम्हीं संस्कृताच्या तासाला पस्तीस वर्षें शिकविलें, आणि तें एका फटक्यांत आम्हांसच शिकविलें गेलें. वकीलसाहेब कांहीं बोलले नाहींत. दोन वर्षांपूर्वीं आम्ही त्यांच्या जागीं असतों तर गप्प राहिलों नसतों, एवढें मात्र मनांत आलें.

सामना रंगत गेला. पहिल्या भागांत त्यांनीं एक गुण घेतला, दुसऱ्या भागाच्या आरंभीं आम्हीं फेडला, आणि पुन्हा त्यांनीं आघाडी घेतली. आमची शेवटची पाळी आली तेव्हां ते दोन व आम्ही एक असे होतों. चेंडू जमिनीवर होता, आणि त्याच्याजवळच्या आमच्या गड्यास एक राक्षस अडवून उभा होता. त्याला हुलकावणी देऊन निसटणें सहांत चार वेळां साधतें. चेंडू उचलणें सहांत चार वेळां. आणि शेवटचें एक जादा घर धांवणें सहांत पांच वेळां. तिन्हींचा गुणाकार केला तर यशाची आशा शंभरांत ३७. उलट, शेजारच्या गड्यानें दोन फांशांवर तो राक्षस आधीं बाजूस सारला, तर त्यांत अपयश नवांत एकदांच येतें, हुलकावणीचें कामच उरत नाहीं, आणि आशा शंभरांत ४९ होते. आम्हीं कागदावर हिशेब मांडून दुसरा मार्ग घेतला. राक्षस मागें ढकलला गेला. आमचा गडी मोकळा होऊन चेंडूपाशीं पोंचला. आतां तीन किंवा अधिक पडले पाहिजेत. फांसा पुन्हा टाकण्याची जी सवलत प्रत्येक संघास मोजकी मिळते, ती आम्हीं अगोदरच वापरून टाकली होती.

आम्हीं फांसा टाकला. तो टेबलाच्या कडेवरून घरंगळला व खुर्चीखालीं गेला. नातू वांकून ओरडला, "सहा!"

खोलींत क्षणभर कोणी बोललें नाहीं. मग वकीलसाहेब शांतपणें म्हणाले, "राहूं द्या, मास्तर. सहाच धरा. तुमचा हिशेब चोख होता."

त्या एका वाक्यानें आम्हांस जेवढें ओशाळें केलें, तेवढें दोन वर्षांच्या अबोल्यानें केलें नव्हतें. घोड्याला नुसतें बोट लागलें होतें तेव्हां आम्हांस हेंच म्हणतां आलें असतें. त्यानें नियम मोडला नसता. कारण प्रतिपक्षानें आपखुषीनें सोडलेली गोष्ट म्हणजे नियमभंग नव्हे, सौजन्य होय. आम्हीं फांसा उचलला आणि पुन्हा टाकला. एक पडला. चेंडू हातून निसटून शेजारच्या घरांत गेला, आणि सामना आम्ही हरलों.

"नफलदेवाची अवकृपा," नातू म्हणाला.

"देवाची असेल," आम्ही म्हणालों, "पण घोड्याची बाब आमच्याकडची होती, वकीलसाहेब. तो डाव तुम्हीं हरावयास नको होता."

ते पुतळ्या पेटींत ठेवीत होते. मान वर न करतां म्हणाले, "कोणता घोडा?" आणि थोड्या वेळानें, "गांवीं परतल्यावर बुधवारीं येतों. पट काढून ठेवा."

आतां ते दर बुधवारीं येतात. नातवानें पाठविलेले नियम आम्हीं वहींत उतरून घेतले आहेत. पुतळ्यांची पेटी महाग असते. परंतु मूळ आवृत्तीप्रमाणें पुठ्ठ्याचे गडी कापून व मोठ्या पुठ्ठ्यावर घरें आंखून आम्हीं काम भागविलें. झुंजीच्या फांशाऐवजीं साध्या फांशाच्या सहा अंकांस सहा अर्थ ठरवून दिले कीं पुरे. घरांतील मुलें गडी रंगवितात, मोठीं माणसें हरतात, आणि हरल्यावर सर्व मिळून एका परदेशी देवास नांवें ठेवतात. एकत्र कुटुंबांत असा एखादा निरुपद्रवी अपराधी असणें फार सोयीचें असतें, असा आमचा अनुभव आहे.

बुद्धिबळ आम्हीं सोडलें नाहीं. एक डाव त्याचाहि होतो. हात लावलेलें मोहरें खेळलेंच पाहिजे, हा नियम अद्यापि आहे. फक्त तो आतां आम्ही स्वतःपुरता पाळतों.