खासदारांचा पगार : अर्ध्या पिंपभर माशांपासून सव्वा लाखापर्यंत

मार्च २०२५ मध्ये आपल्या खासदारांचं मासिक वेतन एक लाखावरून १ लाख २४ हजार रुपये झालं. तेही १ एप्रिल २०२३ पासून, म्हणजे जवळपास दोन वर्षांच्या थकबाकीसकट. लगेच चहाच्या टपरीपासून व्हॉट्सअ‍ॅपपर्यंत एकच सवाल घुमला, "यांना पगार हवाच कशाला?" सवाल रास्त आहे आणि जवळजवळ अडीच हजार वर्षं जुना आहे. त्याच्यापायी निवडणुका फिरल्या, कोर्टकचेऱ्या झाल्या, एकाने तर जीव दिला.

वेळेवर या, पैसे घ्या

प्राचीन अथेन्समध्ये खासदार नव्हतेच. नागरिक स्वतः सभेला जाऊन कायदे करत. पण हातावर पोट असलेला माणूस दिवसभराचं काम सोडून सभेला येणार कसा? म्हणून इ. स. पू. ४०० च्या सुमारास हजेरीचे पैसे सुरू झाले. आधी एक ओबोल (तिथलं नाणं), मग दोन, मग तीन. उशिरा येणाऱ्याला मात्र काहीच नाही. पैसे मिळू लागल्यावर लोक पहाटेच सभेची वाट धरू लागले.

पगारात हेरिंग मासे

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये पार्लमेंटला जाणाऱ्या परगण्याच्या प्रतिनिधीला दिवसाला ४ शिलिंग आणि शहराच्या प्रतिनिधीला २ शिलिंग मिळत. हा खर्च ज्याच्या त्याच्या मतदारसंघाने उचलायचा. छोट्या गावांना तो जड जाई. मग डनिच या किनाऱ्यावरच्या गावाच्या प्रतिनिधीने पंधराव्या शतकात पैशांऐवजी हेरिंग मासे घ्यायचं कबूल केलं. अर्धं पिंप मासे हा त्यातला ठरलेला हिस्सा!

सतराव्या शतकात ही पद्धत बंद पडत आली, तरी हल शहर आपल्या सदस्याला दिवसाला ६ शिलिंग ८ पेन्स देत होतं. हा सदस्य म्हणजे कवी अँड्र्यू मार्व्हेल. तोही पार्लमेंटमध्ये काय चाललंय ते नगरपालिकेला पत्रांतून बारकाईने कळवत राहिला. त्याची अशी शेकडो पत्रं आजही शाबूत आहेत. पगार थेट मतदारांच्या खिशातून येत होता, तेव्हा कामाचा हिशेबही थेट त्यांच्याच हाती पडत होता.

आधी जमीन दाखवा

पुढे इंग्लंडमध्ये उलटंच झालं. १७१० च्या कायद्याने परगण्यातून उभं राहायचं तर वर्षाला ६०० पौंडांचं जमिनीचं उत्पन्न हवं, शहरातून उभं राहायचं तर ३००. ही अट जायला १८५८ साल उजाडलं. पगार शून्य, वर जमीनदारीची अट! मग सभागृहात कोण बसणार, हे वेगळं सांगायला नको. म्हणूनच १८३८ मध्ये चार्टिस्ट चळवळीतल्या कामगारांनी सहा मागण्या मांडल्या, त्यातली एक होती खासदारांना पगार द्या. खासदारांना पगार मिळावा म्हणून गिरणीतले आणि खाणीतले मजूर लाखोंनी अर्जांवर सह्या करत होते, हे आज वाचताना नवल वाटतं. त्यांना पक्कं ठाऊक होतं, पगार नसेल तर आपल्यातला माणूस तिथं कधीच पोचणार नाही.

एका पोर्टरचा दावा

ब्रिटनच्या मजूर पक्षाच्या सुरुवातीच्या खासदारांचं घर कामगार संघटनांच्या वर्गणीवर चाले. वॉल्टर ऑसबर्न या रेल्वे पोर्टरला आपल्या वर्गणीचा हा वापर मान्य नव्हता. तो कोर्टात गेला आणि १९०९ मध्ये जिंकला. संघटनांना राजकारणासाठी पैसे द्यायला बंदी आली आणि मजूर खासदारांचं उत्पन्नच आटलं. तिढा सोडवायला अर्थमंत्री लॉइड जॉर्ज यांनी १९११ मध्ये सरकारी तिजोरीतून वर्षाला ४०० पौंड सुरू केले. चार्टिस्टांची मागणी मान्य व्हायला ७३ वर्षं लागली.

मुंबईच्या मातीतले तिघे

या ४०० पौंडांचा आपल्याशीही संबंध आहे. १८९२ मध्ये दादाभाई नौरोजी हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या मताधिक्याने ब्रिटिश पार्लमेंटमध्ये निवडून आले. हिंदुस्थानची गाऱ्हाणी त्यांनी तिथं मांडली, ती एक पेनीही पगार न घेता, कारण पगार नव्हताच. १८९५ मध्ये निवडून आलेले मंचरजी भावनगरी यांनाही तो नव्हता. मुंबईत जन्मलेले कम्युनिस्ट शापुरजी सकलातवाला मात्र १९२२ मध्ये लंडनच्या बॅटरसीमधून जिंकले, तेव्हा ४०० पौंड लागू झालेले होते.

पंचवीस फ्रँकसाठी मरण

१८४८ च्या क्रांतीनंतर फ्रान्समध्ये प्रतिनिधींना दिवसाला २५ फ्रँक मिळू लागले. मजुराच्या रोजीच्या मानाने ही रक्कम डोळ्यांत खुपणारी होती. डिसेंबर १८५१ मध्ये राष्ट्राध्यक्ष लुई नेपोलियनने सगळी सत्ता बळकावली, तेव्हा आल्फाँस बोदाँ हा प्रतिनिधी पॅरिसच्या रस्त्यावर लोकांना लढ्यासाठी हाक देत होता. तुमचे २५ फ्रँक टिकावेत म्हणून आम्ही का मरू, असा टोमणा मजुरांनी मारला. २५ फ्रँकसाठी माणूस कसा मरतो ते आता बघा, असं म्हणून बोदाँ बॅरिकेडवर चढला आणि सैनिकांच्या गोळ्यांनी कोसळला, असं सांगतात. त्याच्या अस्थी आज पॅरिसच्या पँथिऑन या स्मारकात आहेत.

दांडी मारली? २० मार्क कट

जर्मनीच्या १८७१ च्या राज्यघटनेने खासदारांना पगार घ्यायलाच मनाई केली होती. ती १९०६ मध्ये उठली. वर्षाला ३,००० मार्क ठरले, पण गैरहजेरीच्या प्रत्येक दिवसाला २० मार्क कापून!

'सी' मिळालेल्या निबंधाने घटना बदलली

अमेरिकी काँग्रेसच्या सदस्यांना १७८९ पासून दिवसाला ६ डॉलर मिळत. १८१६ मध्ये त्यांनी स्वतःला वर्षाला १,५०० डॉलर ठरवून घेतले आणि लोक भडकले. पुढच्या निवडणुकीनंतर प्रतिनिधीगृहातले अर्ध्याहून जास्त सदस्य परतलेच नाहीत. कायदा लगोलग रद्द झाला. १८७३ मध्ये पुन्हा तोच मोह! पगार ५,००० वरून ७,५०० डॉलर, तोही मागच्या दोन वर्षांपासून. प्रत्येकाच्या पदरात ५,००० डॉलरची थकबाकी पडणार होती. वर्षभराच्या आत हेही मागे घ्यावं लागलं.

या रोगावर औषध आधीच लिहून ठेवलेलं होतं. जेम्स मॅडिसन यांनी १७८९ मध्येच घटनादुरुस्ती सुचवली होती, की पगारात केलेला बदल पुढची निवडणूक झाल्यावरच लागू व्हावा. पुरेशा राज्यांची मंजुरी न मिळाल्याने ती धूळ खात पडली. १९८२ मध्ये टेक्सास विद्यापीठातल्या ग्रेगरी वॉटसन या विद्यार्थ्याच्या लक्षात आलं, की या दुरुस्तीला मुदतच घातलेली नाही, म्हणजे ती अजून जिवंत आहे. त्याने निबंध लिहिला, त्याला 'सी' श्रेणी मिळाली. पठ्ठ्याने हार मानली नाही. राज्याराज्यांच्या आमदारांना पत्रांवर पत्रं धाडली. १९९२ मध्ये ती अमेरिकेची सत्ताविसावी घटनादुरुस्ती झाली! २०१७ मध्ये विद्यापीठाने त्याची श्रेणी बदलून 'ए' केली.

आपला चढता आलेख

आपल्या राज्यघटनेचा अनुच्छेद १०६ म्हणतो की खासदारांचं वेतन संसदेने कायद्याने ठरवावं. तो कायदा आला १९५४ मध्ये. महिन्याला ४०० रुपये वेतन आणि कामाच्या दिवसाला २१ रुपये भत्ता. पुढचे टप्पे बघा :

१९६४ – ५०० रुपये
१९८५ – १,००० रुपये
१९९८ – ४,००० रुपये
२००१ – १२,००० रुपये
२००६ – १६,००० रुपये
२०१० – ५०,००० रुपये
२०१८ – १,००,००० रुपये

पेन्शन सुरू झालं १९७६ मध्ये, महिना ३०० रुपये. आज ते ३१ हजारांपासून सुरू होतं. दैनिक भत्ता आता २,५०० रुपये आहे, पण हजेरीपटावर सही केली तरच.

यातला मजेदार आकडा २०१० चा. केंद्रीय सचिवांचं मूळ वेतन तेव्हा ८०,००० होतं. संसदीय समितीने खासदारांसाठी शिफारस केली ८०,००१ रुपयांची. मानाचा एक रुपया जास्त! मंत्रिमंडळाने गाडी ५०,००० वर थांबवली. उतरता टप्पा आला तो २०२० च्या कोरोनाकाळात, वर्षभरासाठी ३० टक्के कपातीचा.

न घेणारे आणि देऊन टाकणारे

पुण्यात जन्मलेले आणि बिहारमधून लोकसभेत गेलेले समाजवादी नेते मधू लिमये यांनी खासदारकीचं पेन्शन कधीच घेतलं नाही. लता मंगेशकर १९९९ ते २००५ राज्यसभेत होत्या. वेतन-भत्त्यांचे धनादेश त्यांनी परत पाठवले. सचिन तेंडुलकर यांनी सहा वर्षांचं वेतन आणि भत्ते मिळून सुमारे ९० लाख रुपये पंतप्रधान मदत निधीला दिले. डाव्या पक्षांचे खासदार वेतन पक्षाकडे जमा करतात आणि पक्ष त्यांना घरखर्चाला रक्कम देतो.

मग ठरवायचं कुणी?

लिमयांचा त्याग थोर आहे. पण त्यागावर संसद चालवायची म्हटलं, तर तिथं पुन्हा ६०० पौंडांच्या जमिनीवालेच बसतील. शेतमजुराची लेक, रिक्षावाला, अंगणवाडीताई यांना खासदार व्हायचं असेल, तर पगार हवाच, आणि चांगला हवा. खटकतं ते एवढंच, की आपला पगार आपणच ठरवायचा. ब्रिटनमध्ये खासदारांच्या २००९ च्या खर्च घोटाळ्यानंतर हे काम स्वतंत्र प्राधिकरणाकडे गेलं. आपण २०१८ मध्ये अर्ध्या वाटेवर आलो. वाढ आता दर पाच वर्षांनी महागाई निर्देशांकानुसार होते, पण मूळ आकडे ठरवायचा अधिकार अजून संसदेकडेच आहे. तो एखाद्या स्वतंत्र आयोगाकडे द्यावा आणि वाढ लागू व्हावी ती पुढच्या लोकसभेपासून. पुढच्या वेळी मत मागायला उमेदवार दारात आला, की त्याला हे जरूर विचारा.